गोळी पाच वर्षांची असते: हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह स्तनाच्या कर्करोगावरचं संशोधन कसं वाचायचं



गेल्या दिवाळीत मी मावशीकडे गेले होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं छोटं गाव, घरासमोर धानाचे ढीग, कापणी चालू. दीड वर्षापूर्वी मावशीच्या डाव्या स्तनातली गाठ नागपूरला काढली होती. रिपोर्ट 'ईआर पॉझिटिव्ह' आला, म्हणून डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी पाच वर्षांसाठी लिहून दिली. चहाची साखर शोधताना मला बिस्किटाच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं सापडली. न उघडलेली, पाच महिन्यांची.

मी विचारलं तर म्हणाली, "गाठ त काढली न, मंग आता गोळी कायले खाऊ?"

मी फार्माकॉलॉजीत पीएचडी करते. पेशीच्या आत इस्ट्रोजेन काय करतं याच्या आकृत्या मी झोपेतही काढू शकते. पण माझी स्वतःची मावशी पाच महिने गोळी घेत नाही, हे मला माहीत नव्हतं. नेट-सेटची तयारी करणाऱ्या, पीएचडीचा विषय शोधणाऱ्या ज्युनियर्ससाठी हा विषय लिहायचा कधीचा विचार होता. तो आज त्या डब्यामुळे लिहून होतोय.

एक गोष्ट आधीच सांगते. या आजाराच्या उपचारांत गेल्या सव्वाशे वर्षांत जी प्रगती झाली, तिच्यामागे बहुतेक वेळा एकच प्रश्न होता: हे औषध नेमकं कोणाला द्यायचं? हा प्रश्न हातात धरून चला, म्हणजे औषधांची लांबलचक यादी पाठ करावी लागणार नाही.

आधी रिपोर्ट

स्तनाचा कर्करोग हा एकच आजार नाही. काही गाठींच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सना पकडणारी प्रथिनं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. ही असली की गाठ 'हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह'. जगभरात दहापैकी साधारण सात गाठी या गटात येतात. भारतातल्या अनेक अभ्यासांत हे प्रमाण त्याहून कमी निघालेलं आहे. असं का?

एक कारण म्हणजे आपल्याकडच्या रुग्ण बायकांचं सरासरी वय कमी असतं, आणि कमी वयात रिसेप्टर निगेटिव्ह गाठी जास्त सापडतात. दुसरं कारण पॅथॉलॉजीच्या टेबलावर आहे. गाठ कापून काढली की तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि प्रथिनं बिघडायला लागतात. म्हणून नियम असा की गाठ तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये गेली पाहिजे आणि तिथे किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहिली पाहिजे. फॉर्मेलिनही साधं नाही, १० टक्क्यांचं न्यूट्रल बफर्ड. मोठी गाठ तशीच अखंड बाटलीत टाकली तर द्रव आतपर्यंत पोचत नाही आणि मधला भाग खराब होतो. मग रंग चढत नाही आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो. गाठ मात्र प्रत्यक्षात पॉझिटिव्ह असू शकते.

आता आपल्या भागाचा विचार करा. तालुक्याच्या गावात छोट्या ऑपरेशन थिएटरमध्ये गाठ निघते. बाटली नातेवाइकाच्या हातात दिली जाते. तो बस पकडतो, नाहीतर गोंदियाहून गाडीने नागपूर, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. मध्ये रविवार आला तर बाटली घरातल्या कपाटावर. या प्रवासात रिपोर्ट चुकला, तर त्या बाईला काही रुपयांची, पण जीव वाचवणारी गोळी मिळणारच नाही. आणि चूक झाली हे कोणाला कळणारही नाही.

रिपोर्टमध्ये आकडा कसा लिहितात तेही बघा. किमान १ टक्का पेशींच्या केंद्रकांना रंग चढला तर 'पॉझिटिव्ह', ही रेषा २०१० च्या अमेरिकन मार्गदर्शिकेत ठरली. २०२० मध्ये तिच्यात भर पडली: १ ते १० टक्के असेल तर 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं लिहा, कारण या गटात हार्मोनवरचं औषध किती चालतं याचा पुरावा कमी आहे. म्हणून कुठलाही पेपर वाचताना पहिला प्रश्न हाच ठेवा: 'पॉझिटिव्ह' कोणाला म्हटलंय? जुन्या पेपरांतली रेषा १० टक्क्यांवर असू शकते. मग दोन पेपरांतले 'पॉझिटिव्ह' रुग्ण एकसारखे नसतात.

तलाव, बोडी आणि बांधी

औषधं कशी काम करतात हे समजायला आपला जिल्हा बरा आहे. नवेगावबांधच्या बाजूचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. मोठा तलाव, गावोगावच्या बोड्या, त्यांतून निघालेले पाट, आणि धुऱ्याला ठेवलेल्या तोंडातून बांधीत शिरणारं पाणी. पाणी मिळालं की धान वाढतं.

इस्ट्रोजेन हे पाणी. पेशी ही बांधी. रिसेप्टर म्हणजे धुऱ्यातलं तोंड. पाळी चालू असेपर्यंत मोठा तलाव म्हणजे अंडाशय. पाळी गेल्यावर तलाव आटतो, पण चरबी आणि इतर ऊतींमध्ये अरोमॅटेज नावाचं विकर थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. त्या झाल्या बोड्या.

पहिला उपाय, तलावच बंद करणे. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की अंडाशय काढल्यावर पसरलेला स्तनाचा कर्करोग कमी झाला. तेव्हा इस्ट्रोजेन हा शब्दही नव्हता! पुढे इतर सर्जननी तेच केलं, तर साधारण तिघींतल्या एकीलाच फायदा होताना दिसला. उरलेल्या दोघींचं ऑपरेशन वाया. कोणाला फायदा होईल हे आधी ओळखायचं कसं, याचं उत्तर मिळायला साठेक वर्षं लागली. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन वापरून दाखवलं की काही ऊती ते धरून ठेवतात, काही नाही. धरून ठेवणारं ते प्रथिन म्हणजेच रिसेप्टर. आता अंडाशय काढण्याऐवजी ते झोपवणारी इंजेक्शनंही आहेत, पण आपल्याकडे ऑपरेशनचा पर्यायही अजून वापरतात. खर्च एकदाच होतो आणि दर महिन्याला इंजेक्शनासाठी प्रवास करावा लागत नाही.

दुसरा उपाय, धुऱ्याच्या तोंडात दगड बसवणे. हे टॅमॉक्सिफेन. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी १९६२ मध्ये हा रेणू बनवला. हेतू होता गर्भनिरोधक गोळीचा. स्त्रियांमध्ये त्याने उलटंच केलं, बीजनिर्मिती वाढवली. गर्भनिरोधक म्हणून फसलेलं हे औषध पुढे मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलमध्ये कर्करोगाच्या रुग्णांना देऊन बघितलं आणि १९७१ मध्ये निकाल छापून आले. हा दगड सगळीकडे दगड राहत नाही, हेही लक्षात ठेवा. स्तनात तो वाट अडवतो, हाडांत आणि गर्भाशयाच्या अस्तरात मात्र इस्ट्रोजेनसारखा वागतो. म्हणून पाळी गेल्यावर हाडांना त्याचा थोडा फायदा, आणि त्याच वयात गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा थोडा धोका.

तिसरा उपाय, बोड्या बंद करणे: लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन. यांना अरोमॅटेज इनहिबिटर म्हणतात. आता परीक्षेत हमखास विचारला जाणारा प्रश्न: पाळी चालू असलेल्या बाईला ही गोळी एकटी का देत नाहीत? तलाव भरलेला असताना बोड्या बुजवून काय फायदा! त्या वयात तलावही बंद करावाच लागतो.

चौथा उपाय, तोंडच उखडून टाकणे: फुलवेस्ट्रंट. हे इंजेक्शन रिसेप्टरला अडवतं आणि नष्टही करतं.

३३ आणि २४

आता मावशीच्या प्रश्नाकडे येऊ. गाठ काढली, मग गोळी कशाला?

ऑक्सफर्डहून चालणाऱ्या एका गटाने जगभरातल्या चाचण्यांमधल्या प्रत्येक रुग्णाची माहिती एकत्र करून २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल मांडले. टॅमॉक्सिफेनच्या २० चाचण्या, २१ हजारांवर बायका. ईआर पॉझिटिव्ह गटात गोळी न घेतलेल्यांपैकी १५ वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने ३३.१ टक्के गेल्या. साधारण पाच वर्षं गोळी घ्यायला दिलेल्यांत हे प्रमाण २३.९ टक्के. म्हणजे शंभर बायकांमागे नऊ जीव. ईआर निगेटिव्ह गटात फायदा दिसला नाही.

इथे थांबून आकडे दोन प्रकारे वाचून बघा. 'मृत्यू जवळपास तिसऱ्या हिश्शाने कमी' हेही खरं आणि 'शंभरांत नऊ' हेही खरं. पहिला सापेक्ष फरक, दुसरा निरपेक्ष. औषधाच्या जाहिरातीत पहिला मोठ्या अक्षरांत असतो. रुग्णाशी बोलताना दुसरा लागतो. पेपरमध्ये दोन्ही शोधायची सवय लावा. एकच दिलेला असेल तर दुसरा स्वतः काढा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा आजार हळू चालतो. त्याच गटाचा २०१७ चा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आहे. ज्या बायकांनी पाच वर्षं हार्मोनचे उपचार घेतले आणि तोवर आजार परतला नव्हता, त्यांच्याकडे पुढची पंधरा वर्षं पाहिलं. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि काखेत काहीच नाही, अशा सगळ्यात बऱ्या गटातही पाचव्या ते विसाव्या वर्षात दूरच्या अवयवात आजार परतण्याचं प्रमाण १३ टक्के. दोन ते पाच सेंटिमीटरची गाठ आणि काखेतल्या ४ ते ९ ग्रंथींत आजार, तर ४१ टक्के.

सर्जन दिसणारी गाठ काढतो. न दिसणाऱ्या, इकडेतिकडे जाऊन बसलेल्या पेशींसाठी गोळी असते. हे मी मावशीला सांगितलं, तिच्याच भाषेत, धानाच्या उदाहरणाने: निंदण केलं तरी गवताचं बी जमिनीत राहतंच ना? तिला पटलं. पण मग तिने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. गोळी चालू झाल्यापासून रात्री अंगातून वाफा निघायच्या, घामाने लुगडं भिजायचं, झोप व्हायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी रोवणीला वाकायचं असायचं. हा गोळीचा परिणाम आहे, त्यावर उपाय करता येतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. गोळी थांबवली तशी झोप लागली. तिने स्वतःपुरता प्रयोगच केला होता आणि निकालही बरोबर वाचला होता. फक्त मोजलं एकच: झोप.

मी गृहीत धरलं होतं की ती अडाणीपणाने थांबली. ते गृहीतक चुकीचं होतं. आणि ती एकटी नाही. परदेशांतल्या अनेक अभ्यासांतही, जिथे दवाखाना कोपऱ्यावर आहे तिथेही, पाच वर्षं संपेपर्यंत तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त बायकांनी गोळी सोडलेली दिसते.

किमो कोणाला नको

'कोणाला द्यायचं' या प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे 'कोणाला नाही द्यायचं'. पूर्वी गाठ जरा मोठी असली की किमोथेरपी ठरलेलीच. मग गाठीतल्या २१ जनुकांची हालचाल मोजून ० ते १०० गुण देणारी चाचणी आली. टेलरएक्स या चाचणीत काखेत आजार नसलेल्या, हर-२ निगेटिव्ह अशा दहा हजारांवर बायका होत्या. २०१८ मध्ये निकाल आला: ११ ते २५ गुण असलेल्यांपैकी बहुतेकींना किमोचा वेगळा फायदा नाही, हार्मोनची गोळी पुरते. मात्र ५० वर्षांपर्यंतच्या आणि १६ ते २५ गुणांच्या बायकांत किमोचा थोडा फायदा दिसला. तो फायदा किमोच्या विषाचा, की किमोमुळे अंडाशय बंद पडण्याचा? यावर अजून वाद आहे. तसं असेल तर तलाव दुसऱ्या मार्गानेही बंद करता येईल. उत्तर आलेलं नसेल तिथे विषय असतो, हे लक्षात घ्या.

अडचण एवढीच की ही परदेशी चाचणी महाग आहे आणि आपल्या भागातल्या बहुतेक घरांना ती परवडत नाही. म्हणून ईआर, पीआर, हर-२ आणि केआय-६७ या साध्या रंगचाचण्यांतून तोच अंदाज किती जवळून बांधता येईल, यावर काम चालतं. ज्या तपासण्या जिल्ह्याच्या पातळीवर होऊ शकतात, त्यांना जास्तीत जास्त बोलतं करणं हा छोटा विषय नाही.

नवी औषधं: कशापर्यंतचा वेळ?

आजार पसरलेला असेल तर चित्र २०१५ पासून बदललं. पाणी शिरल्यावर पेशीचं विभाजन सुरू करणारी दोन विकरं आहेत, सीडीके-४ आणि सीडीके-६. त्यांना थांबवणाऱ्या तीन गोळ्या आल्या: पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब. या हार्मोनच्या औषधासोबत देतात.

पालोमा-२ चाचणीत एकट्या लेट्रोझोलवर आजार साधारण १४.५ महिने थांबून राहिला, सोबत पाल्बोसिक्लिब दिल्यावर २४.८ महिने. दहा महिन्यांचा फरक, मोठीच गोष्ट. पण एकूण आयुष्य मोजलं तेव्हा ५१.२ महिने विरुद्ध ५३.९, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. रायबोसिक्लिबच्या मोनालिसा-२ मध्ये मात्र एकूण आयुष्य ५१.४ वरून ६३.९ महिन्यांवर गेलं.

एकाच वर्गाची औषधं, एकाच प्रकारचे रुग्ण, निकाल वेगळे. ऑपरेशननंतर आजार परतू नये म्हणून देतानाही तसंच झालं. अबेमासिक्लिब आणि रायबोसिक्लिबच्या चाचण्या यशस्वी, पाल्बोसिक्लिबची पॅलस चाचणी अपयशी. औषधाचा फरक, की चाचणीच्या आखणीचा, की दोन्हींचा? तोंडी परीक्षेत 'सीडीके इनहिबिटरमुळे आयुष्य वाढतं' असं सरसकट वाक्य बोललात तर समोरचे परीक्षक तुम्हाला इथेच पकडतील.

म्हणून दुसरा प्रश्न: मोजलंय काय? आजार थांबून राहण्याचा काळ, की जगण्याचा काळ? पहिला लवकर मोजता येतो, म्हणून तो जास्त दिसतो. तो फालतू नाही, पण तो म्हणजे आयुष्य नव्हे.

आणि तिसरा प्रश्न: ही चाचणी कोणाला हवी होती? नेदरलँड्समधली सोनिया चाचणी यासाठी जरूर वाचा. तिथल्या डॉक्टरांनी १०५० रुग्णांमध्ये विचारलं की ही महागडी गोळी पहिल्या टप्प्यातच द्यायची, की आजार वाढल्यावर दुसऱ्या टप्प्यात दिली तरी चालेल? दोन्ही टप्पे धरून आजार थांबण्याचा काळ आणि एकूण आयुष्य, दोन्हींत संख्याशास्त्रीय फरक निघाला नाही. पहिल्या टप्प्यात घेणाऱ्यांनी मात्र गोळी सरासरी सोळा-सतरा महिने जास्त घेतली, त्रासही जास्त सोसला. औषध उशिरा दिलं तर चालेल का, हा प्रश्न कंपनी सहसा विचारणार नाही. आपल्यासारख्या देशात हा प्रश्न सोन्याचा आहे.

भारतात पाल्बोसिक्लिबचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच उतरली. तरी रक्ताच्या तपासण्या आल्याच, कारण या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होतात. गावाहून दर महिन्याला तपासणीसाठी येणं हा खर्च औषधाच्या पाकिटावर छापलेला नसतो.

यापुढचा टप्पा गाठीतले बदल बघून औषध ठरवण्याचा. बोड्या बंद करणारी गोळी बराच काळ घेतल्यावर काही गाठींत रिसेप्टरचं जनुक, ईएसआर-१, बदलतं. मग रिसेप्टर इस्ट्रोजेनशिवायही चालू राहतो. बांधीतच झरा फुटल्यासारखं! तेव्हा बाहेरचं पाणी बंद करून उपयोग नाही, रिसेप्टरच नष्ट करायला हवा. त्यासाठी तोंडाने घ्यायची गोळी, एलासेस्ट्रंट, हिला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये परवानगी मिळाली. पीआयके-३सीए या जनुकातला बदल पसरलेल्या आजारात दहापैकी साधारण चार गाठींत सापडतो. त्यावरचं अल्पेलिसिब २०१९ मध्ये आलं, पण ते रक्तातली साखर वाढवतं. ज्या देशात मधुमेह घरोघरी आहे तिथे याचा अर्थ काय, हे तुम्हीच सांगा.

परळमधला एक प्रयोग

हे सगळं बाहेरच घडतं असं वाटू नये म्हणून आपल्या राज्यातला प्रयोग सांगते. आपल्याकडचे कितीतरी रुग्ण विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला ज्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलला जातात, तिथलाच.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रुग्णांच्या जुन्या नोंदींवरून डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की पाळीच्या चक्रातल्या कुठल्या दिवशी ऑपरेशन झालं यावर पुढचं आयुष्य अवलंबून दिसतं. प्रोजेस्टेरॉन नसलेल्या, नुसत्या इस्ट्रोजेनच्या दिवसांत ऑपरेशन झालेल्यांचे निकाल वाईट होते. पुढे इतरांनी पाहिलं तर उत्तरं एकसारखी आली नाहीत. जुन्या नोंदींतून वाद मिटणार नव्हता. मग टाटामध्ये हजार रुग्णांवर यादृच्छिक चाचणी झाली. निम्म्यांना ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन, ५०० मिलिग्रॅम. औषध जुनं आणि स्वस्त. त्यातून कोणी श्रीमंत होणार नाही असं.

२०११ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त निकाल आला. सगळ्या रुग्णांत मिळून पाच वर्षं आजाराविना जगणाऱ्या ७३.९ टक्के विरुद्ध ७०.२ टक्के. पी व्हॅल्यू ०.२३, म्हणजे फरक सिद्ध नाही. पण काखेत आजार पोचलेल्या ४७१ बायकांत ६५.३ विरुद्ध ५४.७ टक्के, पी व्हॅल्यू ०.०२.

आता तुम्ही परीक्षक आहात. काय म्हणाल?

'उपचार चालतो' म्हणालात तर घाई झाली, कारण मुख्य प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलंय आणि पोटगट पाडत गेलं की एखाद्यात योगायोगाने फरक निघतोच. 'फेल' म्हणालात तरी घाईच, कारण काखेत आजार असलेल्या आणि नसलेल्या गटांतला फरक त्यांनी वेगळ्या कसोटीवरही तपासला होता आणि तो कसोटीला उतरला. प्रामाणिक उत्तर असं की यातून पुढच्या चाचणीसाठी गृहीतक मिळालं, उपचार अजून मिळाला नाही. या वाक्यावर समाधान मानता येणं हीच संशोधनाची पहिली शिस्त आहे असं मला वाटतं. मलाही ते अजून जड जातं.

मग विषय कुठे आहे?

मला ज्युनियर्स विचारतात, "ताई, नवा रेणू नाही, मोठी लॅब नाही, गोंदियात बसून या विषयात काय संशोधन होणार?" गोंदियात २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक गावात आशाताई आहेत. नवा रेणू लागत नाही असे काही प्रश्न बघा:

१. गाठ निघाल्यापासून फॉर्मेलिनमध्ये जाईपर्यंत आणि फॉर्मेलिनमधून लॅबच्या टेबलापर्यंत किती तास जातात? बाटलीवर दोन वेळा लिहायची चिठ्ठी लावली तर रिपोर्ट बदलतात का?

२. गोळी सुरू झालेल्या बायकांपैकी सहाव्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात किती जणी ती घेत असतात? 'घेता का?' विचारून येणारं उत्तर आणि पाकिटं मोजून येणारं उत्तर यात किती अंतर आहे?

३. ज्या थांबल्या त्या का थांबल्या? पैसा, वाफा, सांधेदुखी, गाडीभाडं, रोवणी, की 'आता बरी आहे'?

४. आशाताईंनी महिन्यातून एकदा त्रासाबद्दल विचारलं आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं, तर थांबणाऱ्यांची संख्या घटते का?

चौथ्या प्रश्नाची नीट यादृच्छिक चाचणी होऊ शकते. एथिक्स कमिटीची परवानगी, नमुन्याचा आकार, आधीच ठरवलेला आणि नोंदवलेला मुख्य निकष, हे सगळं त्यात लागेल. म्हणजे शिकायचं ते सगळं शिकून होईल. आणि शंभरांतल्या त्या नऊ जीवांचा हिशेब आठवा: तो गोळी घेणाऱ्यांसाठी आहे, डब्यात ठेवणाऱ्यांसाठी नाही.

मावशीला आम्ही तिच्या डॉक्टरांकडे परत नेलं. त्यांनी रागावलं नाही. वाफांसाठी उपाय सांगितले, इतर गोळ्यांची यादी तपासली, कारण काही नैराश्याची औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरात होणारं रूपांतर अडवतात, आणि गोळी पुन्हा सुरू केली. मधल्या पाच महिन्यांनी नेमकं काय नुकसान झालं, हे एका बाईच्या बाबतीत कोणालाच सांगता येत नाही. आकडे शंभर जणींचे असतात. आता दर रविवारी मी फोनवर आधी झोपेचं विचारते, मग गोळीचं. कधी म्हणते घेतली, कधी म्हणते विसरली. विसरली हे ती मला सांगते, यावर सध्या मी खूश आहे.

तुमच्या घरात किंवा गावात कोणी ही गोळी घेत असेल तर या लेखावरून काही सुरू किंवा बंद करू नका, त्यांच्या डॉक्टरांशीच बोला. पण एकदा विचारून बघा, गोळी घेताना त्रास काय होतो म्हणून.

पुढच्या लेखात नमुन्याचा आकार कसा काढायचा ते वरच्या चौथ्या प्रश्नावरच करून बघू. कॅल्क्युलेटर आणि वही घेऊन या.